काखेतला कळसा कसा लपवावा

सचिवसाहेब, कार्यवाह, चेअरमन, किंवा वेबसाइट समितीचे सन्माननीय निमंत्रक, तुम्ही जे कोणी असाल ते, आधी बसा. चहा सांगतो. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तुमच्या संस्थेच्या साइटवर 'चांगलं सर्च' बसवायचा विचार चाललाय, असं कानावर आलं. दिवाळीला पुण्याहून आलेल्या कुणाच्या तरी भाच्याने डोक्यात भरवलं असणार.

असलं काही करू नका. माझी अर्धी कमाई तुमच्या साइटवरच्या त्या भिंगाच्या चिन्हावर चालते. माणूस घरबसल्या भिंगावर बोट ठेवतो, 'काहीही आढळले नाही' वाचतो, गाडीला किक मारतो आणि माझ्याकडे येतो. मी तोच कागद, त्याच साइटवरून काढून देतो. तीस रुपये. प्रिंटचे वेगळे.

पहिली गोष्ट म्हणजे माहिती दडवू नका. दडवणं हे अडाण्याचं काम. सरकारी कार्यालय असेल तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून मानेवर आहेच. त्याचं कलम ४ म्हणतं, नोंदींची नीट सूची करा, सतरा बाबी आपणहून जाहीर करा, लोकांवर अर्ज करायची वेळच कमी यावी असं बघा. दडवलंत की कुणीतरी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकतो आणि तीस दिवस मोजत बसतो. त्यापेक्षा सगळं साइटवर टाका. अगदी सगळं. गड्ड्याच्या जत्रेत पोरगं हरवतं ते गर्दी असते म्हणून. फरक एवढाच, की गड्ड्यात हरवलेल्या पोराचं नाव निदान लाउडस्पीकरवर पुकारतात. तुमच्या परिपत्रकाचं नाव कुणी पुकारता कामा नये.

आता एकेक कागद घ्या. तो मुळात कॉम्प्युटरवरच टाइप झालेला असतो, बहुधा माझ्यासारख्यानेच केलेला. तसाच चढवलात तर त्यातला शब्दन् शब्द शोधता येईल, म्हणून आधी तो छापा. सही जावक क्रमांकाच्या डोक्यावर येऊ द्या, गोल शिक्का तारखेवर. मग त्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, आणि मग स्कॅन. काचेवर ठेवताना कागद दोन बोटं तिरका राहू द्या, कडेला शिपायाचा अंगठा आला तर उत्तमच. फाइलला नाव द्यायचं 'स्कॅन००४७'. झालं, आता तो कागद राहिला नाही, कागदाचा फोटो झाला. माणसाला दिसतो, मशीनला वाचता येत नाही.

यात एक धोका आहे, तो आधीच सांगून ठेवतो. टेसरॅक्ट नावाचं एक सॉफ्टवेअर फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करतं. एचपी कंपनीत १९८० च्या दशकात त्याची सुरुवात झाली, २००५ पासून सर्वांना खुलं आहे, मराठीही वाचतं, आणि पैसे घेत नाही. जोडाक्षरात अडखळतं, शिक्क्याखाली तर गडबडतंच. पण मेख अशी की सगळे शब्द बरोबर यायची गरजच नसते. दहांतले सात-आठ लागले तरी तुमचा कागद सापडतो. तेव्हा ते नाव मीटिंगमध्ये काढू नका.

भाचा अडूनच बसला, 'मामा, फोटो नको, टाइप केलेलंच टाका' म्हणाला, तर टाका. फक्त जुन्या फॉन्टमध्ये. माझ्या मशीनवर अजून आहेत की ते सगळे. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'पाणीपट्टी' दिसतं, पण खाली साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबं. शोधणारा युनिकोडमध्ये, म्हणजे आज फोनवर येते त्या मराठीत टाइप करणार, आणि दोघांची गाठ ह्या जन्मात पडणार नाही. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती म्हणे. एवढी काय घाई? आपल्याकडे अजून विचार चालू आहे.

इथवर यंत्राचं झालं. खरी करामत शब्दांची, आणि ती मी स्वतः भोगून शिकलो.

वडील गेले त्याला वर्ष होत आलंय. एका पतसंस्थेत त्यांचे शेअर होते, ते आईच्या नावावर करायचे होते. म्हटलं, दिवसभर दुसऱ्यांना फॉर्म काढून देतो, घरचा फॉर्म काय अवघड आहे. साइट उघडली. 'वारस नोंद' टाइप केलं. काहीही आढळले नाही. 'वारस अर्ज', नाही. 'शेअर ट्रान्सफर', नाही. शेवटी चिडून नुसतं 'मयत' टाइप केलं, तर एका माजी संचालकांचा दुखवट्याचा ठराव आला. फोटोसकट.

गेलो तिथे. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "साइटवर हाय की ओ सगळं." खोटं नव्हता बोलत. फॉर्म होता. 'डाउनलोड्स', त्यात 'इतर', त्यात 'संकीर्ण ३', आणि त्यात एक तिरका फोटो. फोटोत मथळा होता, 'मयत सभासदाच्या हितसंबंधांचे हस्तांतरण'. आता मला सांगा, बाप गेलेला कुठला माणूस असले शब्द टाइप करतो?

शेवटी तिथल्या शिपाईमामांना विचारलं. "वारसाचं होय? थांबा." रुमालात बांधलेलं एक दप्तर सोडलं, वरून तिसरा कागद काढला. दोन मिनिटं लागली. वारस, मयत, नॉमिनी, शेअर ट्रान्सफर हे सगळं मामांच्या डोक्यात एकाच खिळ्याला अडकवलेलं होतं. चांगल्या सर्चमध्ये यालाच समानार्थी शब्दांची यादी म्हणतात. साधी फाइल असते हो. 'घरपट्टी' म्हटलं की 'मालमत्ता कर' दाखव, 'नळाचं बिल' म्हटलं की 'जलदेयक' दाखव, असल्या ओळी. लोक काय म्हणतात ते एका बाजूला, तुम्ही काय लिहिता ते दुसऱ्या बाजूला. मामांना शेजारी बसवलं तर दुपारच्या जेवणाआधी पुरी होईल. म्हणून मामांना बसवू नका. मे महिन्यात ते रिटायर होतायत. शाल, नारळ आणि कडक भाकरीसोबत अर्धा किलो शेंगाचटणी द्या, आणि ती यादी त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्या.

मराठीनेही तुम्हाला चांगला हात दिलाय, तो वाया घालवू नका. 'सोलापूर' लिहायचं दीर्घ, आणि 'सोलापुरात' म्हटलं की ते ऱ्हस्व होतं. पाणी असतं, पण बिल पाण्याचं येतं. विहीर आटते, अनुदान मात्र विहिरीला. शहाणं सर्च हे प्रत्यय सोलून मूळ शब्दापर्यंत पोहोचतं. तुम्ही वेडंच ठेवा. त्याला 'विहीर' आणि 'विहिरीला' ह्या दोन अनोळखी बायका वाटल्या पाहिजेत. शिवाय इंग्रजी अमदानीतल्या कागदांत गावाचं नाव 'शोलापूर', पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट रस्त्याला लागलं की कानडी, आणि नातवंडं मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करणारी. इतक्या वळणांनी येणाऱ्या माणसांना एका कागदाशी भेटवणं हे तुमचं काम आहे का? मुळीच नाही. शुद्धलेखन त्यांनी सुधारावं.

सर्च ही काही जादूबिदू नाही, हेही कुणाला कळू देऊ नका. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, कुठला शब्द कुठल्या पानावर, तेवढंच हे. डग कटिंग नावाच्या माणसाने १९९९ मध्ये ल्युसीन लिहिलं, नाव बायकोच्या मधल्या नावावरून ठेवलं, आणि ही सूची बनवायचं साधन तेव्हापासून फुकट मिळतं. त्याच्यावर बेतलेलं सोलर नावाचं तयार सर्चही फुकट. आपल्याकडे सोलर म्हणजे गच्चीवरचा बंब, त्यामुळे भाच्याने विषय काढलाच तर 'गरम पाण्याचं पुढच्या बजेटमध्ये बघू' म्हणून मिटवता येतं.

सापडलेल्या कागदांचा क्रम हा मात्र मानापानाचा प्रश्न आहे. कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश बाईंनी १९७२ मध्ये मांडून ठेवलंय, की जो शब्द सगळ्याच कागदांत येतो त्याचं वजन कमी धरावं, मोजक्या कागदांत येतो त्याचं जास्त. या हिशेबाने तुमच्या साइटवर 'सन्माननीय', 'शुभहस्ते' आणि 'उत्साहात संपन्न' यांची किंमत जवळपास शून्य होते, आणि 'थकबाकी', 'मुदतवाढ' असले शब्द वर चढून बसतात. हा संचालक मंडळाचा अपमान नाही तर काय? तुमचा क्रम चालू द्या. आधी अभिनंदन, मग वाढदिवस, मग वार्षिक सभेच्या जेवणाचे फोटो.

आणि एक नोंद तर चुकूनही उघडू नका. चांगलं सर्च लोकांनी काय शोधलं आणि काय सापडलं नाही, ते निमूट टिपून ठेवतं. महिन्याभराची यादी काढली की गावाला तुमच्याकडून काय हवंय ते एका पानावर येतं, सर्व्हे नको, समिती नको, अल्पोपहार नको. अशी यादी हातात आल्यावर 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' हे वाक्य पुन्हा कसं म्हणणार? आपल्या दप्तरात 'ड' वर्गाचे कागद वर्षभराने नष्ट करतात. ही यादी तेवढीही ठेवू नका.

चॅटबॉट बसवायचा असेल तर खुशाल बसवा. 'नमस्कार, मी आपली काय सेवा करू?' एवढं म्हणता आलं की पुरे. कुठल्या कागदावरून सांगतोय ते त्याने सांगायचं नाही.

परवा दुकानात एक तरुण आला, त्याला दिसत नाही. फोन कानाशी धरून तुमची साइट ऐकत होता. मी फोन हातात घेतला तर तो वाचत होता, "प्रतिमा. प्रतिमा. प्रतिमा. लिंक. प्रतिमा." तेरा कागद होते त्या पानावर, तेराही फोटो. त्याला हवा होता शिष्यवृत्तीचा अर्ज. नववा फोटो होता तो. मी वाचून दाखवला, भरून दिला. तीस रुपये घेतले नाहीत. धंद्याचा नियम मोडला, तुमच्यापायी.

असो. तुम्ही आलायत अंदाजपत्रक मागायला. अकरा वर्षांचे कागद मजकुरात आणायचे, जुने फॉन्ट बदलायचे, नावं नीट द्यायची, मामांबरोबर बसून यादी करायची. आता तुम्हीच बघा, फॉर्म काढून देणारा मी, आणि मलाच विचारताय. आकडा असा टाकलाय की संचालक मंडळ बघूनच दुसऱ्या विषयाकडे वळेल. काल रात्रीच मेल केलंय. उघडा जरा, किंचित तिरकं आलंय, आणि शिक्का नेमका रकमेवर बसलाय. फाइलचं नाव 'नवीन फायनल २'. शोधून बघा, सापडतंय का.