मेलेल्यांची साक्ष कशी काढावी

सोसायटीतला गुलमोहर पार्किंगसाठी तोडायचा की नाही, यावर सभा तापली असेल, तर पहिला नियम: गुलमोहराबद्दल अवाक्षर काढू नका. झाड, मुळं, महापालिकेची परवानगी यात शिरलात की सेक्रेटरी फाइल उघडतात. त्यापेक्षा थेट ईस्टर बेट गाठा. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटर. तपासायला कोण जातंय! (गुलमोहरही मूळचा मादागास्कर बेटाचा, पण एका सभेत एकच बेट पुरे.)

घसा खाकरून विचारा, "बेटावरचं शेवटचं झाड तोडताना त्या माणसाच्या मनात काय आलं असेल?" आणि गप्प राहा. भल्यामोठ्या दगडी पुतळ्यांच्या हव्यासापायी बेटवाल्यांनी जंगल संपवलं, मग एकमेकांना संपवलं, हे आता न सांगताही लोकांना दिसतं. होड्यांतून आलेल्या उंदरांनी ताडाच्या बिया कुरतडल्या, म्हणून नवी झाडं उगवेनात, असं काही अभ्यासक म्हणतात. त्या उंदरांचं नाव घेऊ नका. उंदरावर शोकांतिका उभी राहत नाही.

गोष्ट १७२२ सालीच संपवा. त्या वर्षी ईस्टरच्या रविवारी डच कप्तान रोग्गेवेन तिथे पोहोचला, बेटाला नाव मिळालं, पडदा पाडा. चुकून पुढे गेलात तर १८६२ साल आडवं येतं. पेरूची गुलाम पकडणारी जहाजं आली आणि सुमारे दीड हजार माणसं उचलून नेली. बोभाटा झाल्यावर मूठभर परत पाठवली, त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७मध्ये बेटावर मोजून १११ रापानुई, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, उरले होते. पुढे बेटाचं मेंढ्यांचं कुरण झालं आणि बेटाच्या या मूळ मालकांना हांगा रोआ या एका गावात कुंपणाआड राहावं लागलं. हे सगळं सांगत बसलात तर कुऱ्हाडीचा मुद्दा बोथट होतो.

तुम्ही पार्किंगवाल्यांच्या बाजूचे असाल तरी निराश होऊ नका, बेट तेच चालतं. २०२४मध्ये जुन्या अवशेषांतल्या डीएनएचा अभ्यास आला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण त्यात सापडली नाही. म्हणा, "बघा, झाडं तोडून काहीही झालं नाही!" ताडाचं जंगल मात्र गेलं ते गेलंच, हे समोरच्याला आठवेपर्यंत ठराव मांडून मोकळे व्हा.

बेटाचा कंटाळा आला तर मोहेंजोदडो आहेच. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा पुरातत्त्वज्ञ व्हीलरसाहेबांना त्या शहराच्या अंतामागे आक्रमण दिसलं, साठच्या दशकात पूर दिसला, हल्ली सगळ्यांना रुसलेला मोसमी पाऊस दिसतो. तुमच्या मनात जी भीती असेल ती घेऊन जा, रिकाम्या हाती परत येणार नाही. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांबद्दल बोलताना मात्र "नामशेष" हा शब्द जरा हळू उच्चारा. लाखो माया आजही ग्वाटेमाला-मेक्सिकोत नांदताहेत.

एक मोह मात्र टाळा: पुणे जिल्ह्यातल्या उत्खननात सापडलेल्या इनामगावचा. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठी तिथल्या लोकांनी बांध घातला, कालवा काढला. पुढे ऐसपैस चौकोनी घरं गेली, गोल झोपड्या आल्या. पाऊस हटला म्हणून, असं पुरातत्त्वज्ञ धवलीकरांनी मांडलं. उदाहरण झकास आहे, पण पुण्याहून फार जवळ. मागच्या खुर्चीवरून शिरूरकडची एखादी आजी विचारायची, "आणि हल्ली घोड नदीला पाणी कधीपर्यंत असतं हो?"

असं झालंच तर लगेच होडीत बसा आणि बेटावर परत या.