‘द पिट’मधलं बाळ कुणाच्या हाती द्यायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. ‘फॉलआउट ३’ या व्हिडिओ गेमच्या ‘द पिट’ या डीएलसीवर (गेमला नंतर जोडलेला भाग, मार्च २००९) मी भरभरून लिहिलं. तुमचा आक्षेप असा : गुलामांच्या शहराचा मालक अशर असो की त्याच्याविरुद्ध उठलेला वर्नर, बाळ कुणाकडेही द्या, दोन्ही बाजू वाईट, मग निवड कसली? बनवणाऱ्यांनी भूमिका घ्यायचं टाळलं. शिवाय शेवटी काही बदलत नाही, आणि अशर निदान शहर तरी चालवतो.

अशरपासूनच सुरुवात करतो, कारण तेच मला सगळ्यांत जास्त खटकलं. चालवतो, खरंय. ब्रदरहुड ऑफ स्टील या गेममधल्या लष्करी संघटनेच्या या जुन्या शिपायानं पिट्सबर्गच्या अवशेषांत पोलादाची भट्टी पुन्हा पेटवली. पण भट्टीपुढे राबतंय कोण? गुलाम, ज्यांच्या अंगात रोग भिनतोय आणि ज्यांचे एक दिवस ट्रॉग, म्हणजे माणूसपण हरवलेले हिंस्र प्राणी, होणार. आज राबा, औषध सापडलं की मोकळे, हा त्याचा शब्द. मी लालबागचा. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या जागांवर टॉवर उठले, आणि घरांच्या लॉटरीत नंबर लागायची वाट बघणारी कुटुंबं अजून आहेत. गिरणी कामगार गुलाम नव्हते, बरोबरी करत नाहीये. पण तारीख न देता ‘उद्या’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि अशर तारीख देत नाही.

आता निवडीचं. मूळ गेममधला मेगाटन या गावातला बॉम्ब आठवा. निकामी करा, नाहीतर गाव उडवा. यात पाप कुठलं हे कुणीही सांगेल. ‘पिट’मध्ये आधी तुम्हालाच गुलामाच्या फाटक्या कपड्यांत आत ढकलतात. शस्त्रं काढून घेतात, ट्रॉग फिरतात तिथून पोलादाचे दहा तुकडे वेचायला लावतात, मग ‘होल’ या झुंजीच्या आखाड्यात इतरांचे जीव घेऊनच वर येता येतं. तोवर डोकं तापलेलं असतं. वर्नरनं सांगितलेलं ‘औषध’ उचलायला हेवन या अशरच्या इमारतीत शिरावं, तर पाळण्यात मारी. अशर आणि त्याची बायको सँड्रा यांची तान्ही मुलगी. तिला हा रोग होत नाही, म्हणून तीच औषध. वर्नरनं हे लपवलेलं असतं, आणि तो स्वतः एकेकाळी अशरचाच उजवा हात. पुढचं काम कुठला कटसीन (आपोआप चालणारं दृश्य) करत नाही. बटण तुम्हीच दाबता आणि बाळ तुमच्या सामानात येतं, बंदुका नि औषधांच्या यादीत. त्या यादीत तिचं नाव वाचताना पोटात गोळा येतो. भूमिका घेतली नाही म्हणता, मग ही काय आहे?

मी बाळ उचलतो. आई-बापाकडून हिसकावलेलं मूल वर्नरसारख्याच्या हाती देणं मला अजिबात पटत नाही, तरीही उचलतो. गुलामांनी आणखी किती वर्षं थांबायचं, याचं उत्तर अशरकडे नाही म्हणून.

शेवटाबद्दल तुमचं बरोबर आहे. कुणाचीही बाजू घ्या, नंतरचं शहर फारसं वेगळं वाटत नाही. मुक्त झालेले लोक काय करतात, भट्टीवर कोण उभं राहतं, मारी वाचते का, हे गेम बनवणाऱ्या बेथेस्डानं दाखवायला हवं होतं. इतकं ताणून धरल्यावर हात आखडता घेतला, याचा मलाही राग आहे.

पुन्हा खेळलात तर हेवनमध्ये सँड्राच्या संशोधनाच्या नोंदी तपासा, घाई करू नका. मग बाळ कुणाकडे दिलंत ते इथेच लिहा. अशरला दिलंत तरी वाद घालायला मी आहेच.