कोटिंगआधी भोकं मोकळी करा

जुन्या गाड्यांच्या गंजावरच्या एका लेखात अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या खालच्या पत्र्यावर मारायचा गंजरोधक थर) हा रामबाण उपाय म्हटलाय, तिथे मी अडलो. आम्ही रत्नागिरीकडचे. खारा वारा, वर चार महिने पाऊस. गंज धरलेल्या ओलसर पत्र्यावर डांबरी कोटिंग मारलं की पाणी आतच कोंडतं. वरून काळं तुकतुकीत, आतून चाळण. विकायला काढलेल्या गाडीला खालून ताजं कोटिंग दिसलं की मी स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून बघतो. टण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर नमस्कार करून निघायचं.

फुकटातला उपाय वेगळाच आहे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. लाल मातीने ती बुजली की दार आतून कुजतं. पावसाळ्याआधी आणि गणपतीनंतर तारेने मोकळी करा. पुढच्या काचेखालच्या खोबणीतला पाचोळाही काढा. मॅट उचलून खालचं अस्तर दाबून बघा, वरून कोरडं वाटलं तरी खाली पचपच असते.

मारुती ८०० बनायची थांबली २०१४ मध्ये, पण आमच्याकडे अजून धावतायत. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणारा वेल्डर गाठा, लांबी म्हणजे पुटी भरून झाकणारा नको (असे फार!).

ब्रेकच्या पाइपात मात्र काटकसर नाही. खवले सुटायला लागले की बदलाच. १५ वर्षांनी फेरनोंदणीसाठी गाडी आरटीओत न्यावी लागतेच, त्याआधीच हे काम उरकून घ्या.