हाताला काम देणाऱ्या कमलादेवी

परवा ठाण्याला हस्तकलेच्या प्रदर्शनात गेले होते. पतियाळ्याहून आलेल्या एका मावशींच्या स्टॉलवर फुलकारीची, म्हणजे पंजाबी भरतकामाची, ओढणी बघत होते आणि शेजारची बाई भाव करून करून शेवटी म्हणाली, एवढे कसले पैसे, मशीनची तीनशेत मिळते. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत, नुसती ओढणी उलटी केली. फुलकारी उलट्या बाजूनं भरतात, कापडाचे धागे मोजत मोजत, आणि फूल उमटतं सुलट बाजूला. सगळ्या केशरी फुलांत कोपऱ्यात एकच फूल जांभळं होतं. विचारलं तर म्हणाल्या नजर लागू नये म्हणून, म्हणजे आपण बाळाला तीट लावतो तसंच की! आजीकडून शिकल्या म्हणे, आणि आजी फाळणीत सगळं तिकडेच सोडून आलेली, कॅम्पात राहिलेली.

तेव्हापासून कमलादेवी चट्टोपाध्याय डोक्यातून जात नाहीयेत, फाळणीतल्या अशाच निर्वासितांसाठी आणि अशाच हस्तकलांसाठी झटलेल्या.

मंगळूरच्या सारस्वत घरातली मुलगी, बालविधवा, नंतर स्वतःच्या मर्जीनं दुसरं लग्न केलं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात आपल्या मुंबईत मिठाच्या पुड्या विकल्या आणि तुरुंगात गेल्या. एवढं केलेल्या माणसाला स्वातंत्र्यानंतर मोठं पद सहज मिळालं असतं. पण बाई गेल्या कुठे तर निर्वासितांच्या तंबूंत. १९४८ ला इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन काढली, दिल्लीजवळ छतरपूरला निर्वासितांची सहकारी शेती सुरू केली, आणि मग फरीदाबाद. आता पाकिस्तानात असलेल्या सरहद्द प्रांतातून, बन्नू, डेरा इस्माईल खान तिकडून आलेली हजारो माणसं तिथे वसवायची होती. कंत्राटदाराला काम देऊन यांना तयार घरं वाटता आली असती, पण ज्यांना राहायचंय त्यांनीच सहकारी संस्था करून घरं बांधावीत असं ठरलं. कालपर्यंत दुकान चालवणारा माणूस बांधकामाला लागला, आणि मजुरीही त्याचीच, घरही त्याचंच.

मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडे मदत म्हटली की पाकिटं, ब्लँकेट आणि फोटो, ते लागतंच पहिल्या आठवड्यात, नाही म्हणत नाही मी. पण सगळं गमावलेल्या माणसाकडे हातातलं कसब शिल्लक असतं, ते कोणी लुटू शकत नाही, आणि कमलादेवींनी नेमकं तेच धरलं. म्हणून निर्वासितांचं काम आणि कलेचं काम ही त्यांची दोन वेगळी कामं नव्हतीच असं माझं ठाम मत आहे. १९५२ ला केंद्र सरकारचं हस्तकला मंडळ निघालं त्याच्या त्या अध्यक्ष झाल्या, दिल्लीचं कॉटेज एम्पोरियम हे हस्तकलेच्या वस्तूंचं दुकान त्यांच्या युनियननं चालवायला घेतलं, आंध्रातल्या श्रीकालहस्तीची कलमकारी, म्हणजे कलमानं कापडावर चित्रं काढायची कला, मरायला टेकली होती तिच्यामागे त्या उभ्या राहिल्या. आपली कितीतरी नाटकवाली पोरं दिल्लीच्या ज्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, एनएसडीत, शिकली तिच्या मुळाशीही त्यांच्या भारतीय नाट्य संघानं काढलेली संस्था आहे. १९६६ ला मॅगसेसे मिळालं. १९८८ ला गेल्या त्या इथेच, मुंबईत. आणि आपल्या पोरांना नाव माहीत नाही!

ते हस्तकला मंडळ २०२० मध्ये बंद केलं. मला खूप लागलं ते. मंडळ बरीच वर्षं नुसतं नावाला उरलं होतं असं कोणी म्हणेल, मग ते नीट चालवायचं ना, कारागिराला सरकारदरबारी बोलायला तेवढी एक जागा तरी होती.

ओढणी मी घेतली, भाव न करता. मी चित्रकला शिकवते, सोमवारी आठवीच्या वर्गात ती बाकावर उलटी पसरणार आहे आणि ते जांभळं फूल पोरांना शोधायला सांगणार आहे.