‘कामास अयोग्य’ असं लिहून दिलंय, तरी अर्ज परत का आला?

ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि त्या रागाला कारण आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अपंगत्वाचा दाखला आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजना (गोवा सरकारची दरमहा आर्थिक मदत) या विषयावरचा मागचा लेख वाचून तुम्ही भावासाठी धावपळ केलीत. भावाचं वय ४६, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नऊ वर्षं नोकरी. मधुमेहाने मूत्रपिंडं निकामी झाली आणि आता आठवड्याला तीनदा डायलिसिस. डॉक्टरांनी ‘कामास अयोग्य’ असं स्वच्छ लिहून दिलं, तरी दाखला नाकारला आणि त्याच्यामागून दयानंदचा अर्जही अडला. तुम्ही विचारता, ‘माणूस उभा राहू शकत नाही हे डॉक्टरच सांगतात, मग अपंगत्वाचे टक्के कसले मोजता? असे लेख लिहून गरिबांना खेपा कशाला घालायला लावता?’

ज्याला काम जमत नाही त्याला सरकारने आधार द्यावा, आजाराचं नाव काय हे विचारू नये, असं मलाही वाटतं. पण आपल्याकडची व्यवस्था तशी बांधलेली नाही. ‘हा माणूस काम करू शकतो का?’ हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला जातो. अपंगत्व ठरवणारं वैद्यकीय मंडळ तो विचारतच नाही. त्यामुळे तुमच्या हातातला कागद खोटाही नाही आणि कमी वजनाचाही नाही. तो भलत्या खिडकीवर गेला. योग्य खिडकी तुमच्या भावासाठी आजही उघडी असण्याची शक्यता आहे, म्हणून हे लिहिणं तातडीचं.

आधी नकाराचं कारण. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, चलनवलनाचं अपंगत्व, मानसिक आजार, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल वगैरे. मूत्रपिंड निकामी होणं त्यात नाही. हृदयविकार नाही, कर्करोग नाही, नुसता मधुमेहही नाही. मंडळ आजार मोजत नाही, आजाराने शरीराचं कोणतं कार्य किती गेलं ते मोजतं. म्हणून कर्करोगात स्वरयंत्र काढलेल्याला वाचादोषाखाली दाखला मिळू शकतो, आणि त्याच कर्करोगाने खाटेला खिळलेल्या दुसऱ्याला नाकारला जातो. हे क्रूर आहे. पण समोर बसलेल्या डॉक्टरांना यादीबाहेरच्या आजारासाठी टक्के लिहिताच येत नाहीत.

तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही शेवटाकडे सहज लिहून टाकलंय: ‘पगारपत्रकावर ईएसआय कापलेलं दिसतं, पण ते फक्त औषधांसाठी असतं ना?’

नाही. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ते फक्त औषधांसाठी नसतं. पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात, त्यात आजारपणातला रोख भत्ताही येतो. साधा आजारपणाचा लाभ म्हणजे सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. त्यापुढे दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे. तो वेतनाच्या ८० टक्के असतो आणि ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो. त्याची ३४ आजारांची वेगळी यादी आहे आणि त्या यादीत मूत्रपिंडाचा जुनाट निकामीपणा आहे. कर्करोग, क्षयरोग, अर्धांगवायू, ठरावीक गंभीर हृदयविकार, स्किझोफ्रेनिया हेही आहेत. अट अशी की दोन वर्षं विमाधारक नोकरी झालेली असावी आणि आधीच्या चार वर्गणी काळांत (सहामाहींत) मिळून १५६ दिवसांची वर्गणी असावी. नऊ वर्षं नियमित कामावर असलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

इथे कुठे गाडं अडतं ते नीट वाचा. पहिलं, प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं. खाजगी किंवा सरकारी इस्पितळाचं पत्र घेऊन थेट शाखा कार्यालयात गेलात तर ते तुम्हाला दवाखान्यात पाठवतील. भावाच्या विमा क्रमांकाला जोडलेला ईएसआय दवाखाना कोणता ते कार्डावर असतं. तिथे डायलिसिसच्या नोंदी, क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीचे) जुने-नवे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. दुसरं, प्रमाणपत्रांत खंड पडू देऊ नका. ती थोड्या थोड्या दिवसांची मिळतात आणि मध्ये मोकळे राहिलेल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. डायलिसिसच्या दिवशी माणूस गळून गेलेला असतो, म्हणून दवाखान्याची फेरी मधल्या दिवशी ठेवा. तिसरं, प्रमाणपत्राविना गेलेल्या महिन्यांचे इस्पितळाचे कागद पर्यायी पुरावा म्हणून लेखी अर्जासोबत द्या. ते मानायचे की नाही हे तिथल्या अधिकाऱ्यांवर असतं, पण मागितल्याशिवाय विचारही होत नाही. वाढीव लाभासाठी प्रकरण ईएसआयच्या मंडळासमोर जातं, तेव्हा ‘दीर्घ आजाराच्या यादीखाली विचार व्हावा’ असं अर्जात स्पष्ट लिहा. नाहीतर ९१ दिवस संपल्यावर फाइल तिथेच पडून राहते.

आता कंपनीतल्या माणसाने दिलेला सल्ला: ‘राजीनामा दे, पीएफ काढून घे, हातात पैसे येतील.’ ताई, हे होऊ देऊ नका. निदान खालचं वाचेपर्यंत तरी सही करू देऊ नका.

पीएफसोबत निवृत्तिवेतनाचा वेगळा हिस्सा असतो, कर्मचारी पेन्शन योजना १९९५चा. साधारणपणे पेन्शनसाठी दहा वर्षं सेवा लागते, म्हणून नऊ वर्षांवाल्याला लोक सांगतात की तुझं काही बसत नाही, फॉर्म १०-सी भरून पैसे काढ. पण नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. आणि इथे कायमचं पूर्ण अपंगत्व कशाला म्हणतात? त्या वेळी जी कामं करण्याची क्षमता होती ती सगळी करायला माणूस असमर्थ झाला, याला. कामावर अपघात झालेला असण्याचीही गरज नाही.

‘कामास अयोग्य’ या कागदाची खिडकी ही. अर्ज फॉर्म १०-डी, मालकाच्या मार्फत पणजीच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात. तिथून वैद्यकीय तपासणीला पाठवतात. तिथे डॉक्टरच्या पत्रात ‘कामास अयोग्य’ एवढेच दोन शब्द असले तर पुरत नाहीत. भाऊ कोणतं काम करत होता (उभ्याने यंत्र चालवणं, वजन उचलणं, रात्रपाळी) आणि त्यातलं काय कशामुळे आता कधीच जमणार नाही, हे पत्रात यायला हवं. ‘सध्या विश्रांती आवश्यक’ असा शब्द आला की प्रकरण तात्पुरतं समजलं जातं. पेन्शन किमान १,००० रुपये, म्हणजे फार नाही. पण १०-सी भरून पैसे काढले की ही पेन्शनही जाते आणि उद्या त्याच्या बायको-मुलांना मिळू शकणारं कुटुंब निवृत्तिवेतनही जातं. राजीनाम्यानंतर अपंगत्व आलं असं कागदावर दिसलं तरीही हक्क अडचणीत येतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: नोकरी कागदावर चालू ठेवायची, आधी ईएसआयचा लाभ सुरू करायचा, आजार कायमचा ठरला की १०-डी.

अपंगत्वाच्या दाखल्याची वाटही तुम्हाला पूर्ण बंद नाही. भावाला एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही आणि पायाला बधिरपणा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मधुमेहात हे मूत्रपिंडांसोबत अनेकदा येतं, आणि ही दोन्ही यादीतल्या प्रकारांत बसू शकतात. मागचा अर्ज मूत्रपिंडांच्या नावाने गेला, म्हणून डोळा आणि पाय कुणी तपासलेच नाहीत. एकापेक्षा जास्त अपंगत्वं असली की टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा धरायचा. ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा डोळ्याचे ३० आणि पायाचे २० निघाले. ३० अधिक (२० गुणिले ६० भागिले ९०), म्हणजे साधारण ४३. दोन्ही सुटे ४०च्या खाली, एकत्र ४०च्या वर. आणि ४० हीच कायद्याने ठरवलेली रेषा.

नवा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. त्यात अपंगत्वाच्या प्रकारात अल्पदृष्टी आणि चलनवलन ही दोन्ही निवडा. नेत्रतज्ज्ञाचा ताजा रिपोर्ट आणि नसांच्या तपासणीचा रिपोर्ट आधीच काढून ठेवा. नजर चष्म्यासह मोजली जाते, म्हणून चष्मा घेऊन जा. काठी वापरत असेल तर काठीही. आणि भावाला आधी समजावून सांगा: डॉक्टर ‘कशें आसा?’ विचारतात तेव्हा आपला माणूस सवयीने ‘बरें आसा’ म्हणतो. तिथे तसं म्हणायचं नाही. किती पायऱ्या चढवतात, चप्पल पायातून निसटलेली कळते का, रात्री धडपडतो का, ते सांगायचं. निर्णय चुकीचा वाटला तर कायद्यात अपिलाची सोय आहे. त्यासाठी नकार लेखी मागून घ्या, तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

लकवा झालेल्यांसाठी एक सूचना, कारण खाली दोघांनी विचारलंय. मेंदूच्या आजारांत मूल्यमापन साधारणपणे सहा महिन्यांनंतर करतात, कारण तोवर सुधारणा होत असते. पहिल्याच महिन्यात गेलात तर परत पाठवतील. नेमका काळ तपासणारे डॉक्टर ठरवतात. मानसिक आजारात मात्र ‘काम’ हा मोजणीचाच एक भाग आहे. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम अशा चार बाबींना गुण देतात, आजार किती वर्षांचा त्याचेही गुण असतात. तिथे नोकरी सुटल्याचा कागद जरूर जोडावा.

दाखला हाती आला तरी दयानंदला उत्पन्नाची आणि वास्तव्याची अट राहतेच. योजनेची मूळ रक्कम महिन्याला २,००० रुपये आणि कुटुंबाचं माणशी वार्षिक उत्पन्न योजनेच्या वर्षाच्या रकमेपेक्षा कमी हवं, म्हणजे २४,०००च्या आत. वहिनी महिन्याला ७,५०० कमावत असतील तर वर्षाचे ९०,०००. घरात चौघं असतील तर माणशी २२,५००, बसतं. त्या ८,००० कमावत असतील तर माणशी नेमके २४,००० होतात आणि अर्ज बाद होऊ शकतो. हे सगळं मामलेदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरतं. ईएसआयचा भत्ता चालू असताना तो लपवू नका. पुढे कळलं तर वसुली लागते. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखलाही मामलेदारांकडूनच. जन्मदाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं, ही आपल्याकडची जुनी अडचण आहे. अर्ज देण्याआधी ती दुरुस्त करा, कारण पैसे मंजूर होऊनही खात्यात न येण्याचं ते नेहमीचं कारण. मंजुरीनंतर हयातीचा दाखला दर वर्षी.

तोवर घरासाठी दोन गोष्टी. वहिनी विवाहित गृहिणी म्हणून गोवा सरकारच्या गृह आधार योजनेला पात्र ठरू शकतात, महिन्याला १,५०० रुपये, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख. आणि तुमच्या आईचं वय ६० झालं असेल तर दयानंदमध्ये ज्येष्ठ नागरिक म्हणून तिचा अर्ज वेगळा होतो, त्याला वैद्यकीय मंडळ लागतच नाही. तिच्या नावावर अर्ज नसेल तर तो आधी करा.

ईएसआय आणि पीएफच्या वर्गणीच्या शेवटच्या महिन्याची तारीख पाहून कळवा, पुढचं त्यावर अवलंबून आहे. फक्त भावाचा विमा क्रमांक, आधार किंवा वैद्यकीय रिपोर्ट इथे प्रतिक्रियेत टाकू नका. महिना आणि वर्ष एवढं पुरे.