लारवूडवर अन्यायच झाला
ॲशेसवरचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेवरचा तुमचा लेख आवडला. ॲशेसची सुरुवात, १८८२ चा ओव्हलचा सामना, छान रंगवलाय. ८५ धावांचा पाठलाग करताना इंग्लंड ७७ वर गारद, ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थचे सामन्यात १४ बळी! पण बॉडीलाइन, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर वेगवान मारा करण्याचा इंग्लंडचा डाव, दोन ओळींत उरकल्याचं वाईट वाटलं. डावपेच कर्णधार जार्डिनचे, खापर मात्र फुटलं हॅरल्ड लारवूडच्या डोक्यावर. १९३२-३३ च्या त्या मालिकेत ३३ बळी घेतले त्याने. कोळशाच्या खाणीत राबून वर आलेल्या या गोलंदाजाला नंतर माफी मागायला सांगितलं. त्याने ठाम नकार दिला, आणि इंग्लंडकडून पुन्हा कसोटी खेळलाच नाही. हा सरळसरळ अन्याय होता. पुढे १९५० मध्ये तो कायमचा राहायला गेला तो ऑस्ट्रेलियातच, आणि तिथल्या लोकांनी त्याला आपलंसं केलं! यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.