सरासरीने शांत

घर बघायला आम्ही गेलो ते दुपारी दोन वाजता. वेळ एजंटने सुचवली होती. "भर उन्हात बघा, म्हणजे खोल्यांत उजेड किती येतो ते कळेल," असं त्याचं म्हणणं. उजेड भरपूर होता. शांतता तर इतकी की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तो दर पाच मिनिटांनी त्या घड्याळाकडे का बघतोय, हे तेवढं आमच्या लक्षात आलं नाही. पावणेतीनला त्याने आम्हाला जवळजवळ हाकलतच खाली आणलं, गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि मोठ्याने गाणी लावली.

मोठे विमानतळ रात्रंदिवस जागे असतात. छोटा, प्रादेशिक विमानतळ मात्र दुपारी मस्त वामकुक्षी घेतो. सकाळी त्याची विमानं एकामागोमाग सुटतात, संध्याकाळी एकामागोमाग परततात, मधल्या वेळात एखादं चुकार. एजंटला वेळापत्रक तोंडपाठ होतं. मला पाठ व्हायला पंधरा दिवस लागले, तोवर सही करून झाली होती.

तरी पहिल्या आठवड्यात मी धीर सोडला नव्हता. मी अभ्यास केला. धावपट्टीच्या टोकांवर जे आकडे रंगवलेले असतात ते म्हणजे होकायंत्रातली दिशा, शेवटचं शून्य उडवून. आमच्या धावपट्टीवर एकीकडे ०९ आहे, दुसरीकडे २७. म्हणजे एक दिशा ९० अंश, पूर्व. दुसरी २७० अंश, पश्चिम. आणि विमान चढताना काय, उतरताना काय, वाऱ्याला तोंड देऊनच जातं. आमचं घर पूर्वेच्या टोकापासून साडेतीन किलोमीटरवर, अगदी सुतात. तेव्हा वारा पश्चिमेचा असला की विमानं आमच्यावरून उतरणार, पूर्वेचा असला की पलीकडच्या लोकांवरून. म्हणजे वर्षातले काही महिने तरी आपली सुटका! हे गणित मी बायकोला कागदावर बाण काढून समजावलं. मग एके दिवशी वारा फिरला आणि कळलं की पूर्वेच्या वाऱ्यात ती आमच्यावरून चढतात.

उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या घसरगुंडीवरून येतं. साडेतीन किलोमीटर अलीकडे ते जेमतेम दोनशे मीटर उंचीवर असतं. आमची वसाहत टेकडीवर आहे, तिचे तीसेक मीटर वजा करा. राहिले एकशे सत्तर. चाकं मोजता येतात. खिडकीतल्या एकाने आपल्याला हात केला असं बायको सांगते. मला ते पटत नाही, पण तेव्हापासून गच्चीवर जाताना मी बनियनवर जात नाही.

एका विमानाचा आवाज यायला, वाढायला आणि जायला मिळून वीस-पंचवीस सेकंद लागतात. आमच्या घरात बोलण्याची पद्धतच त्यावर बेतली गेली आहे. वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं, छताकडे बघत थांबायचं आणि आवाज ओसरला की पुढच्या शब्दापासून उचलायचं. मुलगी फोनवरही असंच करते. तिच्या मैत्रिणींचा समज आहे की आमच्याकडे रेंज नाही. भांडणं मात्र निकालात निघेनाशी झाली. ऐन रंगात आलेलं भांडण पंचवीस सेकंद थांबवलं की मुद्दा काय होता ते दोघांनाही आठवत नाही. मग उगाच नव्याने सुरुवात करावी लागते.

बायको मात्र थांबत नाही. ती बोलतच राहते. तिचे ओठ हलताना दिसतात, चेहरा प्रश्नार्थक होतो आणि मी मान हलवतो. या मान हलवण्यातून आजवर आमचा हॉल जांभळा झाला, तिचा मावसभाऊ तीन आठवडे राहून गेला आणि पहाटे पाचच्या पोहण्याच्या वर्गात माझं नाव लागलं. मला पोहता येत नाही. "अहो, तुम्हीच तर हो म्हणालात," यावर उत्तर नसतं.

आवाजाची एक खासियत जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे येणारी बहुतेक विमानं दोन पंख्यांची असतात. प्रत्येक पंख्याला सहा पाती, चढताना मिनिटाला सुमारे १,२०० फेरे. म्हणजे सेकंदाला वीस फेरे, गुणिले सहा, एकशेवीस ठोके. हा सूर आमच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटाला कसा कोण जाणे, नेमका लागतो. विमान अजून दिसतही नसतं, तेव्हा डावं दार आधी बारीक कण्हतं. मग आतले स्टीलचे पेले एकमेकांना खांदे मारायला लागतात. एक पेला दर विमानागणिक बोटभर पुढे सरकतो आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी मी त्याला मागे ढकलतो. दाराच्या फटीत मी कापूस घातला, रबर घातलं, जुना मोजा घातला. काच कण्हायची थांबली नाही, फक्त मोजा घातल्यावर सूर थोडा खाली आला.

शिवाय विमानतळावर वैमानिक घडवण्याचा वर्ग चालतो. एका इंजिनाचं, शिवणयंत्रासारखं वाजणारं विमान घेऊन विद्यार्थी धावपट्टीभोवती चकरा मारतात. चाकं टेकली न टेकली की पुन्हा उडायचं, पुन्हा चक्कर. शिकाऊ माणूस घाबरला की त्याची चक्कर मोठी होत जाते, हा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. त्यामुळे सराईत विद्यार्थी आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. आमच्या डोक्यावर येतात ते फक्त घाबरलेले. सुरुवातीला मी चिडायचो. आता गच्चीवरून बघताना "अरे, वळ ना, वळ आता!" असं तोंडातून निघून जातं. मंगळवारचा एकजण गेल्या महिन्यापासून येईनासा झालाय. पास झाला असावा. जरा चुकल्यासारखं वाटतं.

रात्री विमानं नसतात, पण रात्रीची हवा असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची उबदार राहते. अशा वेळी आवाज वर निसटून जायच्या ऐवजी वाकून खाली येतो. साडेतीन किलोमीटरवर कोणीतरी इंजिन तपासायला चालू करतो आणि ते आमच्या उशीत वाजतं. रात्र जितकी सुंदर, तितकी झोप वाईट.

मग मी तक्रारी करायला लागलो. २०१५ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळाकडे आलेल्या ८,७६० तक्रारींपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त एकाच घरातून गेल्या होत्या, हे वाचून मला स्फुरण चढलं. माझी मजल सतरावर गेली. सतरा तक्रारींना मिळून एक उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की आपल्या घराजवळच्या आवाजाची चोवीस तासांची सरासरी ५४ डेसिबल असून ती मर्यादेत आहे.

आता डेसिबल हे प्रकरण साधं नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली तर आकडा फक्त तीनने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला तो दहाने वाढावा लागतो. विमान डोक्यावर असताना आमच्या गच्चीवर ८० भरतात, असं माझ्या फोनचं म्हणणं. दिवसाला वीस विमानं, प्रत्येकाची काही सेकंदं, बाकी सगळी शांतता. ही शांतता त्या सेकंदांवर पसरली की ५४ उरतात. वीस थपडा चोवीस तासांवर सारख्या पसरल्या की त्याला गोंजारणं म्हणतात. काही देशांत रात्रीच्या प्रत्येक विमानाला दहा डेसिबल जास्त धरतात, म्हणजे हिशोबात एकाची दहा होतात. तेवढी तरी माणुसकी. आम्हाला तिचा उपयोग नाही, कारण आमच्याकडे रात्री इंजिनं फक्त तपासतात आणि तपासणं म्हणजे उड्डाण नव्हे, असं त्याच पत्रात तळटिपेत होतं.

पत्रासोबत एक माहितीपत्रक होतं. जगभरच्या नागरी विमान वाहतुकीची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २००१ साली आवाजावर चार मार्ग ठरवले. विमानंच कमी आवाजाची बनवा. विमानतळाभोवतीच्या जमिनीचा वापर नीट आखा. उडण्या-उतरण्याच्या पद्धती सुधारा. आणि एवढं करूनही भागलं नाही, तर उड्डाणांवर निर्बंध घाला. दुसरा मार्ग मी दोनदा वाचला. जमिनीचा वापर नीट आखणं म्हणजे सरळ भाषेत, मी तिथे असायलाच नको होतं. विमानतळ बांधला तेव्हा इथे माळरान होतं म्हणे. गावाबाहेर, कोणाला त्रास नको म्हणून बांधला. मग त्याच्याकडे रस्ता आला, रस्त्याच्या मागे गाव धावत आलं, आणि गावाच्या शेवटी, दुपारी दोन वाजता, आम्ही.

आमच्या शेजारचे काका निवृत्त इंजिनिअर. त्यांचं दुःख वेगळं. त्यांना घरावर उंच मनोरा उभारून त्यावर पवनचक्की बसवायची आहे. पण विमानतळाभोवती चार किलोमीटरपर्यंत, ४५ मीटरवर, एक अदृश्य छत मानलेलं असतं आणि त्याच्या वर काही काढायचं नाही. त्यातले तीस मीटर टेकडीने खाल्ले, दहा त्यांच्या घराने आणि टाकीने. "पाच मीटरांत काय पवनचक्की बसवू, भिरभिरं लावू?" असं ते विचारतात. आवाजावर उपाय शोधायचं त्यांनी मनावर घेतलं ते बहुधा या रागातूनच.

काकांनी वाचलं होतं की नेदरलँड्समध्ये स्किपोल विमानतळाजवळच्या लोकांना एक गोष्ट जाणवली. शेतं नांगरली की धावपट्टीवरचा घरघराट कमी ऐकू येतो. मग तिथे मुद्दाम मातीचे उंच वरंबे आणि सऱ्या घालून एक उद्यानच केलं, २०१३ साली खुलंही झालं. आवाज वरंब्यांवर आपटून विखुरतो. "साधी माती हो! यंत्र नाही, तंत्र नाही," काका म्हणाले. पुढच्या रविवारी वसाहतीच्या बागेत अकरा चर खणले गेले. मीही खणलं. पोहण्याच्या वर्गाला दांडी मारायला ते कारण उत्तम होतं.

चर खणून झाल्यावर पहिलं विमान आलं, आम्ही सगळे कुदळी घेऊन वर बघत उभे राहिलो, आणि ते नेहमीसारखंच गेलं. मग काकांनी तो लेख शेवटपर्यंत वाचला. ती युक्ती जमिनीवरून सरपटत येणाऱ्या आवाजासाठी आहे. वरून पडणाऱ्या आवाजाला चरांशी काही देणंघेणं नसतं.

चर बुजवायचा ठराव झाला, पण खणायला आलेली माणसं बुजवायला येत नाहीत. पाऊस पडला, चर भरले, त्यांत बेडूक आले, बेडकांमागे बगळे. एके सकाळी मी मोजले, बरोबर अकरा बगळे, चराला एक. सातचं विमान आलं तसे ते सगळे एकदम उडाले.

दुसऱ्या दिवशी विमानतळाची जीप दारात. माझ्या सतरा तक्रारींना एक पत्र, आणि अकरा बगळ्यांना चोवीस तासांच्या आत चार माणसं, दुर्बीण आणि वही! त्यांचंही बरोबर होतं. पक्षी इंजिनात गेला की सरासरी काढायला कोणी थांबत नाही. म्हणून तर विमानतळाजवळ कचऱ्याचे ढीग नकोत, डबकी नकोत, म्हणजे पक्ष्यांना बोलावणं नको, असा नियम असतो. त्यातल्या पोक्त साहेबांनी चरांकडे बघून विचारलं, "हे काय केलंय?" काकांनी नेदरलँड्सपासून सुरुवात केली. साहेबांनी वही मिटली.

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. साहेबही वाक्य अर्धवट सोडून छताकडे बघतात तसं आभाळाकडे बघत थांबले, आणि पंचवीस सेकंदांनी म्हणाले, "हे रोजचंच का?" मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. चर आठ दिवसांत बुजवायचे आणि त्या बदल्यात आमच्या गच्चीवर तीन महिने आवाज मोजायचा मायक्रोफोन बसवायचा, असं ठरलं. चर मी एकट्याने बुजवले.

मायक्रोफोन आला. कठड्याला बांधलेला दांडा, त्यावर स्पंजची टोपी. तो प्रत्येक मोठा आवाज वेळेसकट टिपतो आणि मागाहून रडारवरच्या विमानांशी त्याची सांगड घातली जाते. ज्याला विमान सापडत नाही तो आवाज वेगळ्या रकान्यात जातो, स्थानिक म्हणून. तीन महिने मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन त्या टोपीकडे कौतुकाने बघायचो. विमान आलं की तिला सांगायचो, "घे! ऐक! लिहून घे!"

अहवाल आला. नऊ पानं, रंगीत आलेख. सरासरी ५५. आठव्या पानावर तीन महिन्यांतले सर्वांत मोठे दहा आवाज दिले होते. तीन विमानांचे. एक विजेचा. उरलेले सहा स्थानिक रकान्यात होते, सगळे सकाळी सात ते सव्वासातच्या दरम्यानचे, विमान गेल्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने. शेऱ्यात लिहिलं होतं: मानवी, मायक्रोफोनपासून अंदाजे एक मीटरवर.

बायकोने आठवं पान दोनदा वाचलं. काही बोलली नाही. अहवालाची उभी घडी केली, मग आडवी केली आणि कपाटाच्या डाव्या दाराच्या फटीत खोचली. संध्याकाळचं पहिलं विमान आलं. मी छताकडे बघत थांबलो. पेले जागच्या जागी होते, काच कण्हली नाही.